अडीचराव हे नाव आधीच घेतलेलं आहे

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण मी आता बुद्धिबळ शिकवते. नारायण पेठेत छापखान्यावरच्या खोलीत तुम्ही सतरंजी अंथरून शिकवायचात तसं नाही. घरीच, जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून. त्याला लाइव्ह म्हणतात. मी इथे सोंगटी हलवते आणि त्याच क्षणी कुठे कुठे बसलेली माणसं ते बघतात, प्रश्न लिहून पाठवतात, मी बोलून उत्तर देते. नोकरी संपल्यावर वेळ जाईना म्हणून सुरू केलं. फार कुणी येत नाही, पण येतात ते नेमानं येतात. त्यातल्याच एका बाईंनी मागे लिहिलं की तुमचं शिकवणं समजतं, पण कुणाला तुमचं नाव सांगायचं तर सांगता येत नाही. खरंच होतं. खातं उघडताना आपोआप चिकटलेलं नाव होतं ते, पुणे आणि पुढे आकड्यांची लांबलचक शेपटी. मी कधी बदललं नव्हतं. बदलायचं ठरवलं तेव्हा एकच नाव डोक्यात आलं.

आपलं स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही बँकेतून येऊन बाह्या दुमडून जमिनीवर पट मांडला आहे आणि मला घोडा शिकवताय. घोडा अडीच घरं जातो, म्हणालात. मी पटाभोवती फिरून सगळीकडून बघितलं आणि विचारलं, की दोन घरं दिसतात, ते अर्धं घर कुठंय? तुम्ही इतके हसलात की आईचं लाटणं थांबलं. त्या दिवसापासून मी अडीचराव. शाळेतून आले की "या, अडीचराव", रुसले की "अडीचरावांचं आज काय बिनसलंय?" चारचौघांत तुम्ही मला नावानं हाक मारायचात; हे फक्त घरातलं होतं. लाड करणारे तुम्ही नव्हतात. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा हातात पेन ठेवलंत आणि म्हणालात, "शाई तुझी तू आण." म्हणजे लाड म्हणावा असा माझ्याकडे तो एकच शब्द होता.

तर मी सेटिंगमध्ये जाऊन 'अडीचराव' लिहिलं. खाली लाल अक्षरांत आलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे. शिवाय एक सूचना, 'अडीचराव२' मिळू शकेल. म्हटलं, कुणीतरी अडीच गुंठे विकणारा असेल. शोधून उघडलं तर एक बाई, चाळिशी उलटलेली, समोर पट आणि पटाशेजारी तुमचं बुद्धिबळाचं घड्याळ. तेच, लाकडी खोक्यातलं, दोन तबकड्यांचं, डाव्या कळीला तुम्ही लाल दोरा गुंडाळलेलं. तुमच्यामागून आईही गेल्यावर घर आवरताना मी ते माळ्यापर्यंत शोधलं होतं; तुम्ही ते देऊन टाकलंत, हे आत्ता कळलं. ती बाई हसत हसत सांगत होती, "आमचे सर मला अडीचराव म्हनायचे, म्हनून हे नाव हाय." खाली बदामांची रांग वाहत होती. माझ्याकडे वर्षभरात येत नाहीत एवढी माणसं तिच्याकडे त्या एका सकाळी बसली होती.

मी तिला ओळखलं. खडकवासल्याच्या अलीकडच्या गावातली ती मुलगी. मी नोकरीसाठी बंगळूरला गेले त्याच वर्षी ती वर्गात आली. बसनं स्वारगेटला उतरायची आणि तिथून चालत यायची, हे मला आईनं फोनवर सांगितलेलं. तुम्ही फोनवर आलात की "जेवलीस का? घे, आईशी बोल" एवढंच. आणि मग आईच सांगायची, आज त्या मुलीनं म्हणे यांना कोंडीत पकडलं, काय खूश आहेत. एका दिवाळीत मी घरी आले ती थेट वर्गावर गेले, तुम्हाला चकित करावं म्हणून. तुम्ही तिच्यासमोर बसला होता. मान वर केली नाहीत, नुसतं एक बोट उचललंत, थांब म्हणून. मी थांबले. डाव संपेपर्यंत दारात उभी राहिले, बॅग हातात धरून. तिच्या वेण्यांना तेल होतं आणि तिच्या परकराची टोकं मळलेली होती, एवढं मला अजून दिसतं. तो डाव कोण जिंकलं ते मात्र आठवत नाही.

मग पुढचे काही दिवस मी तिची जुनी लाइव्ह एकामागून एक बघत सुटले. तिच्या खेळातल्या चुका शोधत होते. फारशा सापडल्या नाहीत, त्यानं आणखी चिडले. शेवटी तिच्या पानावर दिलेल्या नंबरला फोन लावला आणि सरांची मुलगी बोलतेय म्हटलं. मग ती रडायलाच लागली आणि म्हणाली, घरी या.

गेले. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यांचा मोठा बंगला. तिनं मला सोफ्यावर बसवलं, स्वतः खाली बसली, ताई ताई करत थालीपीठ वाढलं. मी भांडायला गेले होते, पण तसं तोंडावर येऊ दिलं नाही. फक्त विचारलं, हे नाव तुला बाबांनी कधी दिलं? ती म्हणाली, "दिलं न्हाई, ताई. चुकून आलं त्यांच्या तोंडात. तुमी बाहेरगावी गेला होता. मी घोडा काढला आन् सर म्हनले, वा अडीचराव. मग मान खाली घालून बसले. मला काय बघवंना. मीच म्हनलं, म्हना की सर, चालतंय मला."

"आणि मग?"

"मग रोजच म्हनायला लागले."

तिनं लगेच फोन उचलला. नाव आत्ताच बदलते म्हणाली, तुमचंच हाय ते. बोट त्या जागेवर गेलंसुद्धा होतं. मी म्हटलं, "राहू दे. तुझी माणसं गोंधळतील." तिला वाटलं, सरांची मुलगी मनानं मोठी. तसं काही नव्हतं. तिनं सोडलेलं ते मी उचलायचं, ही कल्पनाच मला सोसली नाही. परतताना रिक्षात मी तुमच्याशीच भांडत होते. तुम्हाला माझी आठवण येत होती, तर ती फोनवर मला का नाही कळू दिलीत? आणि चुकून गेलेलं नाव दुसऱ्या दिवशी परत का नाही घेतलंत? तिच्या तोंडून मला कळलं की तुम्ही माझ्यासाठी मान खाली घालून बसला होता. तेही तिनंच पाहिलेलं.

माझं खातं अजून त्याच आकड्यांच्या नावावर आहे. त्याच नावानं मी तिचं प्रत्येक लाइव्ह बघते. ही मी, हे तिला माहीत नाही. गेल्या रविवारी ती कोल्हापूरच्या कुणा कॉलेजातल्या मुलीकडून हरली आणि मला बरं वाटलं. चहा करून घेतला, इतकं बरं वाटलं. डाव संपल्यावर ती सोंगट्या मागे-पुढे करत आपलं कुठे चुकलं ते शोधत होती आणि भलतीच चाल धरून बसली होती. न राहवून मी लिहिलं, 'वजीर वाचवायला धावलात, राजेसाहेब काय पाहुणे होते?' तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि हात थांबवला. "कोन हाय हे?" म्हणाली. "सर अगदी असंच बोलायचे." मग पुढचा प्रश्न घेतला.

बाबा, मी तुमच्यासारखी आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते तिनं, याचा राग येतो, आणि तुमचं बोलणं ऐकून ओळखेल असं तिच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, याचा त्याहून जास्त. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. लाइव्ह संपलं तरी त्याचं रेकॉर्डिंग राहतं. तेवढाच तुकडा मी परत परत लावून ऐकते. आज सकाळी कुकर लावायच्या आधीही ऐकला.