उंबऱ्याआत अडकलेली गाडी

पडेगाव,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. भागूआत्यांस रूपाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

(‘पायांवर’ हा शब्द यंदा नुसत्या रीतीचा नाही. कारण खाली येईल.)

तब्येतीची चौकशी करण्याआधी एक दुरुस्ती करते, नाहीतर मला पुढचं काही सुचणार नाही. सोमवारी फोनवर मी तुम्हाला म्हणाले, विश्वजीतदादाची गाडी तयार आहे, त्याला कधीही घेऊन जायला सांगा. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा चूक आहे. गाडी तयार आहे, पण ती शेडमधून बाहेर निघत नाही. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग ते अर्ध्या वैजापूरला कळतं. म्हणून पत्र. आता, गुडघे कसे आहेत? तेल लावता का? आई विचारते आहे आणि मीही.

दिवाळी झाली की कूलर कुणी विचारत नाही, त्यामुळे आपल्या शेडमध्ये फायबरच्या बॉड्या भिंतीला टेकून झोपा काढत होत्या. अशात तुमचा विश्वजीत पुण्याहून त्याची ती लाल, दोन दारांची, जमिनीवर पोट टेकलेली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, मामा, हिला पुढचा स्पॉयलर आणि बाजूच्या पट्ट्या करून द्या. स्पॉयलर म्हणजे गाडीच्या हनुवटीखाली बसते ती पात. गाडी दीडशेने पळाली की हवा खालून शिरते आणि तिला उचलायला बघते, ती हवा ही पात अडवते, असं दादाने समजावलं. तात्यांनी शांतपणे विचारलं, की वैजापूरच्या रस्त्यावर दीडशे म्हणजे कुठून कुठपर्यंत. दादाने चहा मागितला.

मग तात्या म्हणाले, “रूपा करंल.”

आत्या, हे साधंसुधं तीन अक्षरी वाक्य नाही हे तुम्हाला कळेल. (मोजलं तर पाच अक्षरं भरतात, पण माझा मुद्दा वेगळा आहे.) मला शाळेत घालायच्या आधी तात्यांनी साच्याला मेण लावायला शिकवलं. तेव्हापासून आजवर माझ्या वाट्याला मेण आणि घासकाम. साच्यापासून रंगापर्यंत पूर्ण माझं असं हे पहिलंच काम. मी ते फार जपून केलं. पहिला साचा मोडला, कारण डावी बाजू उजवीपेक्षा दोन मिलिमीटर खाली होती. तात्या म्हणाले, ते डोळ्यांना दिसत नाही. मला माहीत होतं, म्हणून मला दिसत होतं. दुसरा जमला. तात्यांनी त्यावरून हात फिरवला आणि काही बोलले नाहीत. आपल्या घरात याला शाबासकी म्हणतात.

त्यांनी फक्त एक भर घातली. स्पॉयलरला खालून पाणी काढायचं भोक पाडलं आणि त्याला बूच बसवलं. आपल्या शेडमधून भोकाशिवाय काही बाहेर जात नाही. पाणी साचतं, डास होतात. गाडीच्या हनुवटीत पाणी साचत नाही असं मी म्हणाले, तर ते म्हणाले, बूच लावून ठेव मग.

खरी अडचण जोडाची. दादाने स्पॉयलर स्क्रूने लावायला सांगितला होता, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो. मी तसं तात्यांना सांगितलं. त्यांचं मत असं, की ज्याचा आपल्या जोडावर भरवसा नाही, तो स्क्रू मारतो. त्यांनी आतून फायबरची मॅट आणि रेझिन देऊन तो असा जोडला, की आता गाडी कुठं संपते आणि स्पॉयलर कुठं सुरू होतो हे मलाही सांगता येत नाही. मी विरोध केला का? खरं सांगायचं तर रेझिन घट्ट करणारा हार्डनर मीच मोजून दिला.

आणि मग गाडी बाहेर काढायला गेलो. येताना ती उंबऱ्यावर फळ्या टाकून आत आली होती. आता नाक आणि कुशी चार बोटं खाली आल्या आहेत. फळ्या लांब टाकाव्यात तर बाहेर लगेच नाली. तरी प्रयत्न केला. नाक कसंबसं पार झालं आणि मग गाडी पोटावर उंबऱ्यातच बसली, म्हैस दारात बसते तशी. ढकलून परत आत घेतली. शेजारचे वेल्डिंगवाले सोमनाथकाका सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, “यात कूलरचा वाळा बसवायचा व्हय? मोटर नाय दिसत कुठं.” नंतर त्यांनी माणसं जमवून गाडी उचलायची तयारी दाखवली, पण उचलायला हात घालणार कुठं, तर स्पॉयलरला. मीच नको म्हणाले.

म्हणजे दोनच वाटा राहिल्या. स्पॉयलर कापायचा, नाहीतर उंबरा फोडायचा. दादा फोनवर म्हणाला, कापून टाका, पुण्यात तयार मिळतो. (तो वाईट मनाने म्हणाला नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.) तो पुढच्या गुरुवारी गाडी न्यायला येतोय, म्हणून तात्या आदल्या दिवशी, बुधवारी कापणार आहेत. कापल्यावर ते मला रागावणार नाहीत. नुसता घासकागद हातात देतील, पूर्वीसारखा. उंबऱ्याचं मी एकदा सुचवलं, तेव्हा त्यांनी ऐकूच न आल्यासारखं केलं.

इथली काळजी करू नका. सर्वांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची,
रूपा

ता. क. १ : आई म्हणते, बिब्ब्याचं तेल गुडघ्याला लावू नका, अंगावर उठतं.

ता. क. २ : तात्या उंबऱ्याला हात का लावू देत नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेड बांधली त्या दिवशी ओल्या सिमेंटात तुमचं उजवं पाऊल उमटलं, ते अजून जोडव्यासकट आहे. आई पाडव्याला त्यावर हळदकुंकू वाहते. (तुम्ही ते मुद्दाम ठेवलं की नारळ फोडताना पाय घसरला, यावर घरात दोन मतं आहेत. मी तुमच्या बाजूची आहे.) त्या पावलापुढं माझा स्पॉयलर काहीच नाही, असं तात्यांना वाटतं, आणि त्यात चूक आहे असं मलाही म्हणवत नाही.

ता. क. ३ : पण आत्या, साचा घेणं हे आमचं कामच आहे. आधी मी तुमच्या पावलाचा साचा घेईन, मग उंबरा फोडीन, गाडी बाहेर काढीन आणि तिथंच जमिनीलगत नवा उंबरा ओतीन. पावसाळ्यात पाणी अडवायला वर फायबरची पट्टी लावू, स्क्रूने. (स्क्रूचं तात्यांना कळू देऊ नका.) तुमच्या परवानगीशिवाय मी हातोडा उचलणार नाही. सोमनाथकाकांचा फक्त बघून ठेवला आहे. साच्यातून पाऊल हुबेहूब उठेल, पण ते साच्यातलं असेल. तात्या रेझिन आणायला वाळूजला जातील तो दिवस मी धरला आहे. सकाळच्या एसटीने तुम्ही आलात, तर दुपारी सिमेंट ओलं मिळेल आणि पाऊल या वेळी मुद्दाम ठेवता येईल. मंगळवार, १८ नोव्हेंबर.