ऋणनिर्देशाचं पान

ॲन आर्बर, मिशिगन
१७ फेब्रुवारी २०१९

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याला उतार पडलाय असं देवांग म्हणाला. तिला जिना टाळायला सांगा, निदान थंडी संपेपर्यंत. इथे गेल्या महिन्यात इतकी थंडी पडली की युनिव्हर्सिटीच दोन दिवस बंद होती. माझी रूममेट रुचा घरात तीन स्वेटर घालून पोहे करत होती. मी बरी आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही आधी बोलता, मग माझं राहून जातं.

पाडव्याचा प्रकाशनाचा कार्यक्रम रद्द करा. हॉलवाल्यांना कळवा, पाहुण्यांनाही कळवा. प्रबंधाचं पुस्तक येत नाही. प्रकाशकाकडे उशीर होतोय असं मी आईला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. तिसरं प्रकरण मीच परत घेतलं, आणि त्या प्रकरणाशिवाय पुस्तकात फारसं काही उरत नाही. डिपार्टमेंट आता मला पुढच्या वर्षी ठेवेल असं वाटत नाही. व्हिसा ऑगस्टपर्यंत आहे.

तिसरं प्रकरण म्हणजे सायकलरिक्षांचं. मी त्याबद्दल सांगायला लागले की तुम्ही पेपर उघडायचात, म्हणून पुन्हा लिहिते. थायलंडमध्ये १९५८ साली फील्ड मार्शल सरितने राज्यघटना गुंडाळून ठेवली आणि देश आधुनिक करायला घेतला. वाहतं पाणी, लख्ख दिवे, सोयीचे रस्ते, अशी घोषणा होती. राजधानी नीटनेटकी दिसावी म्हणून १९६० पासून बँकॉकमध्ये पायांनी चालवायच्या तीनचाकी रिक्षांवर बंदी आली. चालवणारे बहुतेक ईशान्येकडच्या गरीब खेड्यांतले. त्यांना सांगितलं, गावी जा, शेती करा.

त्यातल्या एकाचा मुलगा म्हणजे माझे काका. मी त्यांना 'लुंग' म्हणायचे, तिकडचं काका ते. आता वय अडुसष्ट. तालुक्याच्या गावी नूडल्सचं दुकान. २०१६ मध्ये पाच महिने मी त्या दुकानात बसून टिपणं काढली आणि दोन्ही वेळा तिथेच जेवले. ते सांगायचे, वडील गावी आले ते अमेरिकेच्या पैशाने बांधलेल्या नव्या रस्त्यावरून. वडील म्हणायचे, एवढा गुळगुळीत रस्ता आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यावर चालवायला रिक्षा नाही. हे सांगताना काका दर वेळी हसायचे. मग आवाज खाली आणून आत्ताच्या लष्करी सरकारबद्दलही बोलायचे. ते मी लिहून घेतलं.

नावाचं विचारलं तेव्हा म्हणाले, “रिक्षावाल्याचा मुलगा, एवढंच लिही. आम्ही हजारो आहोत, कुठला ते कोण शोधणार?”

प्रकरणात मी तेवढंच लिहिलं.

तुम्ही आणि आई टूरबरोबर बँकॉकला गेला होतात, २०१५ मध्ये. चार दिवस, तीन रात्री. परत आल्यावर तुम्ही म्हणालात, “काय ते उड्डाणपूल, काय ती स्वच्छता! कुठे मोर्चा नाही, कुठे बोंब नाही. आपल्याकडे दहा वर्षं असा एक जनरल बसवायला हवा.” मी म्हटलं, बाबा, मोर्चा काढला तर उचलून नेतात. तुम्ही म्हणालात, “मग काढतात कशाला?” संग्राममामा हसला होता. माझं लग्न, माझं वजन आणि माझे थाई लोक, हे तुमचे त्या वर्षीचे तीन विनोद होते. प्रबंधाबद्दल तुमचा एकच प्रश्न असायचा, “पण रस्ता झाला ना?”

झाला, बाबा. रस्ता झाला.

गेल्या ऑक्टोबरात त्याच रस्त्यावरून एक गाडी आली. साध्या कपड्यांतली दोन माणसं दुकानात बसली, नूडल्स खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाली, आणि काकांपुढे एक छापील कागद ठेवला. इंग्रजीत होता. काकांना त्यातलं स्वतःचं नाव तेवढं वाचता आलं. आठवड्याने ती पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला त्यांना लष्कराच्या छावणीत घेऊन गेली. तिकडे याला 'दृष्टिकोन सुधारणं' म्हणतात. चार दिवसांनी सोडलं, तेव्हा कागदावर सही घेतली की वागणूक चांगली मिळाली आणि यापुढे राजकारणावर बोलणार नाही. आता दुकान बंद आहे. गिऱ्हाइकं येतच नाहीत, शेजारी रस्त्याची बाजू बदलतात. पुढच्या महिन्यात तिथे निवडणूक आहे. तोवर गाव सोडायचं नाही असं त्यांना बजावलंय. हे सगळं मला त्यांच्या नातीने कळवलं. मी परत लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही.

तो कागद म्हणजे माझ्या प्रबंधाचं ऋणनिर्देशाचं पान.

प्रबंध मी पाच वर्षांसाठी कुलपात ठेवला होता, कोणाला वाचता येऊ नये म्हणून. पण लायब्ररीच्या साइटवर सुरुवातीची पानं सगळ्यांना दिसतात, कुलूप त्याच्या पुढे लागतं. हे मला माहीत असायला हवं होतं. फॉर्मवर लिहिलेलं होतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पहिल्या मसुद्यात काकांचं नाव नव्हतं. 'एका दुकानदाराचे आभार' असं होतं. मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं. तुमचा आवाज चढला. “ज्याच्या घरचं पाच महिने जेवलीस त्याचं नाव गाळतेस? एक दुकानदार? दुकानदाराला आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं?” मग वैनगंगेवरच्या पुलाचं निघालं. तुम्ही सहा पावसाळे त्या पुलाच्या बांधकामावर काढलेत आणि कोनशिलेवर नाव लागलं ते एक दिवस हार घालायला आलेल्या मंत्र्याचं. मी लहानपणापासून ऐकत आलेय. प्रत्येक सहलीत आपण तिथे थांबायचो, तुम्ही उतरून ती कोनशिला पुन्हा वाचायचात.

मी फोन ठेवला आणि पूर्ण नाव लिहिलं. गावही लिहिलं. 'ज्यांच्या दुकानात बसून मला कळलं की रस्ता येतो तेव्हा काय काय जातं,' असं सुंदर वाक्यही लिहिलं. तुम्ही खूश झालात. कित्येक वर्षांनी झालात, म्हणून मी पुन्हा विचार केला नाही. तुम्ही सांगितलंत, पण टाइप माझ्या बोटांनी केलं. हुकूम कोणी दिला आणि हात कोणाचे होते, यावर मी अडीचशे पानं लिहिली आहेत, तेव्हा ते मला समजावू नका.

इथल्या लायब्ररीने पान बदललं. उशीर झाला, पण बदललं. आता माझ्या प्रतीखेरीज ते फक्त तुमच्याकडे आहे, बैठकीच्या काचेच्या कपाटातल्या बांधीव प्रतीत. येईल त्याला तुम्ही तेच पान उघडून दाखवता, हे मला शोभनामावशीने सांगितलं. पाडव्यासाठी म्हणून देवांगने त्याचा फोटो फेसबुकवर टाकला. एकशे बारा जणांनी अंगठा दिलाय. तो आजच्या आज काढायला सांगा. 'नागपुरात बसून थायलंडचं कोण बघतंय' असं म्हणू नका. मीही ॲन आर्बरमध्ये बसून हेच म्हटलं होतं.

आणि ते पान ब्लेडने कापून जाळा. तुम्ही स्वतः करा, देवांगला सांगू नका.

त्याच पानावर सगळ्यात खाली तुमचं नाव आहे, पूर्ण, हुद्द्यासकट. तुम्ही ते बोटाने दाखवता. तुमचं नाव छापलेलं असं हे एकच ठिकाण आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. वरचा भाग कापून खालची पट्टी ठेवता येईल का, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. मी माझी प्रत काढून उजेडात धरून पाहिली. पानं दोन्ही बाजूंनी छापली आहेत. तुमच्या नावाच्या बरोबर मागे त्यांच्या गावाचं नाव येतं.

पट्टी ठेवता येणार नाही, बाबा.

झालं की फोन करा. त्या दिवशी तुम्हीच आधी बोला.

नावामध्ये तुमचं नाव लावणारी,
मालिनी