पाय न दिसणाऱ्या गेमबद्दल

चि. टोळ,

आशीर्वाद आहेतच, रागावलो म्हणून ते परत घेणाऱ्यातला मी नाही. तुझी पाठ कशी आहे? (दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांना पळवणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच.) इकडे तुझी काकू ठणठणीत आहे. माझ्या पायातली सळई गारठा पडला की कुरकुरते, पण आमचं आता जमलं आहे. स्वयंपाकघराचं छप्पर वर्षभर गळतंय. खाली बादली ठेवली आहे, भरली की ओततो. जन्मभर गावची छपरं दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरात ही बादली, यावर काकू दिवसातून एकदा बोलते. तू बोलू नकोस.

आता तुझ्या गेमकडे वळतो. "काका, तुमचं आयुष्य छपरांवर गेलंय, खेळून बघा आणि गुणदोष कळवा, पुढच्या शुक्रवारी साहेबांना द्यायचेत," अशी चिठ्ठी लावून तू तो पाठवलास. अकरा दिवस खेळतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि त्यातल्या एका पायात सळई आहे हे लक्षात घे.

पहिली गोष्ट, तुझ्या गेममधल्या शहरातलं पावसाचं पाणी जातं कुठे? शंभरेक छपरं मी नीट बघितली. एकालाही पन्हळ नाही. पन्हळ नाही तर भिंतीवरून खाली येणारे ते पाइप कशाला लावलेत? तर म्हणे गेममधल्या तुमच्या छपरांवरून धावणाऱ्या बाईला लोंबकळायला! अरे, पाइप मी बसवलेत. भिंतीत दोन बोटं खिळा असतो, बस. त्याला कबूतर लटकलं तरी मला घोर लागायचा. आणि ही बाई धावत येते, पाइपाला मिठी मारते आणि तीन मजले चढून जाते. शिवाय जिथे चढायचं तिथे आधीच पिवळा रंग फासलेला. मला इतक्या वर्षांत कुणी पिवळा रंग लावून दिला नाही. कुठलं कौल भरवशाचं आणि कुठलं दगा देईल, हे मी अंगठ्याने चाचपून शिकलो.

दुसरी गोष्ट मोठी आहे, साहेबांना ठळक अक्षरात दे. सगळं त्या बाईच्या डोळ्यांनी दिसतं, ते ठीक. हातही दिसतात, छान काढलेत, नखंसुद्धा. पण पाय? मान खाली घातली की नुसती जमीन! पाय गेले कुठे? छपरावर माणसाला दुसरं काय बघायचं असतं? देखावा? देखावा बघणारे लोक थेट अस्थितज्ज्ञांकडे जातात.

आणि ती घाई! पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत असतात. आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे, लहानपणी तू खाली बसून ऐकायचास. मी वर, तुझे बाबा खाली शिडी धरून. नव्या जागी पाऊल टाकण्याआधी मी विचारायचं, "ठेवू?" त्यांनी खालून माझा पाय आणि ते कौल बघायचं आणि म्हणायचं, "ठेव." मगच अंगाचा भार टाकायचा. तीस वर्षं याच दोन शब्दांवर आमची दोन घरं जेवली. ती सवय जाते का? मी गेममध्ये कडेला उभा राहतो, तोंडातून आपोआप "ठेवू?" निघतं, आणि मी थांबतो. कोण उत्तर देणार? (एकदा काकू आतून ओरडली, "ठेवा एकदाचा आणि जेवायला या!" मी ठेवला आणि सरळ रस्त्यावर गेलो. शिडी न धरणाऱ्या माणसाचं ऐकू नये.) बाकीचे लोक दोन मिनिटांत संपवतात तो टप्पा मी सत्तेचाळीस मिनिटांत संपवला. त्यावर पडद्यावर काय आलं? "फारच हळू!" हळू? कौलांवर हळू चालणं म्हणजे काय हे त्या लिहिणाऱ्याला वर नेऊन दाखवायला हवं.

वर नेऊन म्हटलं खरं, पण मी आता कसला वर जातोय. मी पडलो त्या प्रकरणात तुझ्या बाबांनी काय केलं ते तू सतरांदा ऐकलंयस, अठराव्यांदा ऐक. शाळेचं छप्पर होतं, मी वर होतो, आणि त्यांनी चष्मा पुसायला शिडीवरचा हात काढला. पाय दोन ठिकाणी मोडला, तीन महिने मी खाटेवर. वर्ष झालं, मी त्यांच्याशी बोललेलो नाही. दोन गल्ल्यांवर घर आहे, तरी नाही. ते दवाखान्यात येऊन दाराशी उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. एक शब्द नाही! निदान "चुकलो" तरी म्हणावं माणसाने.

आता गुण. दोनच आहेत. एक, वारा. उंचावर गेल्यावर कानाशी जो आवाज होतो तो अगदी तसाच आहे. पहिल्या दिवशी ऐकला तेव्हा मी हातातलं यंत्र खाली ठेवून नुसता बसून राहिलो. मला वाटलं नव्हतं इतकी आठवण येत होती मला त्याची. दुसरा गुण असा की पडलं तरी तीन सेकंदांत माणूस पुन्हा त्याच जागी उभा. खरं तर हा दोष म्हणून लिहिणार होतो. तीन सेकंद! मला तीन महिने लागले! पण सहाव्या टप्प्यात एक जागा आहे, पाण्याच्या टाकीवरून उतरत्या कौलांवर पाय टाकायचा. अगदी शाळेच्या छपरासारखी. तिथे मी त्रेसष्ट वेळा पडलो. मोजले आहेत. तिथे शिडी नाही, तुझे बाबा नाहीत, चष्मा नाही. प्रत्येक वेळी शिव्या कुणाला द्यायच्या हे ठरवायला मला अडचण आली. चौसष्टाव्या वेळी मी मोठ्याने "ठेवू?" म्हटलं, थांबलो, नीट बघितलं, आणि पार झालो.

असो. एकंदरीत गेम टाकाऊ आहे असं साहेबांना कळव.

तुझा,
सध्या जमिनीवर असलेला
काका

ता. क. गेम परत मागू नकोस. मी नवव्या टप्प्यावर आहे.

ता. क. दुसरा. रविवारी ये. स्वयंपाकघराचं छप्पर तू चढून कर. इतक्या उड्या मारणारा गेम काढलास, सात कौलं बदलणं काय अवघड? मी शिडी धरीन. पण माझ्या एका पायाच्या जोरावर ती हलेल, म्हणून दुसऱ्या बाजूने धरायला बाबांना घेऊन ये. शिवाय "ठेव" कधी म्हणायचं ते त्यांनाच कळतं.

ता. क. तिसरा, आणि हा साहेबांना दाखवू नकोस. त्या दिवशी शाळेच्या बाई अंगणात उभ्या राहून माझं कौतुक करत होत्या. मी ऐटीत होतो. मी विचारलं नाही, पाय बघितला नाही, तसाच टाकला. पडलो तेव्हा मी शिडीवर नव्हतोच, ती माझ्यापासून पाच हात लांब होती. हे बाबांना सांगायची गरज नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि वर्षभर त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नाही.