मापाची पाठ

१४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी खोकतात, पण खोकत खोकत पेपर पुरा वाचतात, तेव्हा काळजी नाही. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आज मला सगळं बोलायचंय.

कारखान्यात मोठाच गोंधळ झाला. हिवाळी कोटांचा अख्खा माल परत आला. दुकानदार म्हणतात, कॉलरखाली कापड फुगतं आणि पुढून कोट वर चढतो. कटिंग मास्तरांनी आधी कापडाला नावं ठेवली, मग कटिंगच्या पोरींना झापलं, आणि शेवटी मला उभं केलं. प्रत्येक नवा कोट पहिल्यांदा माझ्याच अंगावर चढतो, हे तुला ठाऊक आहे. कारखान्याचं माप म्हणजे मी.

कोट मला चपखल बसला. बसणारच. ट्रायलच्या वेळी पाठीत ओढतोय म्हणून मीच कापड वाढवून घेतलं होतं. मास्तरांनी लाकडी पट्टी माझ्या पाठीला लावली. ती मध्येच टेकली, वर मान लांब राहिली.

"बाई, कोट बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "तुमची पाठ बदलली."

उन्हाळ्यात बादली उचलताना उसण भरली असं तुला सांगितलं होतं ना? ती उसण नव्हती. मणका चेपला होता. हे आता डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवून सांगितलं. पाळी गेली की हाडं झपाट्याने विरळ होतात म्हणे, आणि माझी तर त्रेचाळिसाव्या वर्षीच गेली. त्यात मी काडी. अंगावर वजन असलं की हाडांना भार पेलायची सवय राहते, आणि चरबीतूनही ते बायकांचं संप्रेरक थोडंफार मिळत राहतं. माझ्याकडे ना हे ना ते. वजनदार बाईला बाकीची दुखणी चुकत नाहीत, हेही त्या म्हणाल्या. ते वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.

तू जिन्यावरून गडगडत आलीस, उठलीस आणि पायरीचीच चौकशी केलीस. तपासणीत तुझा मणका खणखणीत निघाला. मी एक बादली उचलली.

मला तुझा हेवा वाटतो. साधासुधा नाही, जळफळाट होतो. आई तुला दुसऱ्यांदा वाढायची, तेव्हा मी ताट पुढे सरकवून उठायचे आणि मनात म्हणायचे, खा, फुग. पुढे मापात राहायचं म्हणून किती रात्री नुसत्या चहावर काढल्या. तुझी पाळी पन्नाशी उलटली तरी चालूच, म्हणून तुझी थट्टा केली. मी उपाशी राहून हाडं झिजवली आणि तू जेवून पाठ राखलीस. हा कुठला न्याय? तुझा काही दोष नाही, हे कळतं. कळून राग जात नाही.

आता जे सांगायचं होतं ते. मास्तरांना नवं माप हवंय. मोठ्या मापांचे कोट आता जास्त खपतात, आणि ते म्हणाले, तुमच्या बहिणीला विचारा, सरळ उभी राहते. तुझं दुकान बंद झाल्यापासून तू काम शोधते आहेस, हे मला माहीत होतं. तरी मी सांगून मोकळी झाले की तिला जमणार नाही, तिचे गुडघे दुखतात.

तुझे गुडघे ठणठणीत आहेत. काल मास्तरांना तसं सांगितलं. त्यांनी टाचण्यांची डबी माझ्या हातात दिली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पण कोट कुठे चुकतो ते त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

सोमवारी ये. कोट तुझ्या अंगावर चढेल, टाचण्या मी लावीन. एखादी टोचली तर मुद्दाम टोचली असंच समज आणि सरळ उभी राहा.

लहानपणी पाठीला पाठ लावून उभं राहिलो की मी तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच भरायचे. डॉक्टरीणबाईंनी परवा उंची मोजली.

आता तुझ्याच उंचीची,
ताई