खडकावरचा भूगोलाचा तास

शिरगाव, ता. पालघर
माघ वद्य पंचमी, शके १८८८

तीर्थस्वरूप पुंजाराममामांच्या चरणी नागोरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या गुडघ्याला तेल लावणे चालू असेलच. मामींचा खोकला थांबला का आणि म्हैस व्यायली का, हे कळवावे. (म्हशीचे आधी कळवले तरी चालेल, मामींचा खोकला गेली अकरा वर्षे आहे तसाच आहे.) इकडे माझी प्रकृती ठीक, म्हणजे ताप उतरला आहे आणि कानातले पाणी बरेचसे निघाले आहे. ते कानात कसे गेले हे सांगण्यासाठीच हे पत्र.

जिंतूरच्या ओट्यावर बसून आपण म्हणालात की समुद्रकाठी जा, हवा चांगली, हेडमास्तर ओळखीचे, भूगोल शिकवायला याहून बरी जागा नाही. मामा, आपला शब्द मी कधी खाली पडू दिला नाही, म्हणून आलो. पण भूगोल शिकवायला याहून वाईट जागा अख्ख्या भूगोलात नसेल. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी, आणि ज्यांना तो शिकवायचा ती कोळ्यांची पोरे चालायला लागण्याआधी त्यात पडलेली. मी पुस्तकातले दोन वारे शिकवले, तर वर्गाकडे नऊ निघाले, नावांसकट. अमेरिका कोणत्या दिशेला, असे विचारले तर सगळा वर्ग एका सुरात "उत्तरेला!" म्हणाला, कारण उत्तरेला तारापूर आणि तिथे वीज केंद्राच्या बांधकामावर अमेरिकेचे गोरे साहेब राहतात. (नकाशा दाखवला. त्यांनी तो समजूतदारपणे पाहून घेतला.) एकदा बोलता बोलता सांगितले की माझ्या गावाला समुद्र नाही. वर्ग हळहळला. नववीतली शकू, दादू कोळ्याची मुलगी, उठून म्हणाली, "मंग गुरुजी, तुमचा गाव संपतो कुटं?" मामा, यावर मी दोन दिवस विचार केला.

असो. गेल्या शनिवारी शिक्षण खात्याचे तपासनीस माझा पाठ पाहायला येणार होते. पाठ बरा झाला तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून मी मोकळा. हेडमास्तरांना कल्पना सुचली (त्यांना कल्पना सुचतात, भिजतात दुसरे) की भरती-ओहोटीचा पाठ किनाऱ्यावरच घ्यावा. आता ओहोटी कधी, हे हवे. योगायोगाने येसूबाईकडून, म्हणजे शकूच्या आईकडून, आणलेली सुकट ज्या वर्तमानपत्रात बांधलेली होती (होय, खातो; आईला सांगू नये), त्यातच भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या सापडल्या. वर ठळक 'शनिवार'. भरती पावणेसात, ओहोटी साडेबारा. म्हणजे साडेनऊला पाठ सुरू करावा, पाणी हटत जाताना साहेबांना दाखवावे. शनिवार कोणता, हे बघायचे मला सुचले नाही. तो आदल्या आठवड्याचा होता. आणि आठवडाभरात भरतीच्या वेळेला ओहोटी येते, हे मी बुधवारीच फळ्यावर आकृतीसह समजावले होते.

साडेनऊला किनाऱ्यावर पोचलो. साहेब मूळचे धुळ्याकडचे, कडक इस्त्रीचे, पायात नवे बूट. पाण्यात थोडे पुढे एक काळा खडक उघडा होता; तिथवर पाय जेमतेम ओले होत. मी फळा, शाळेतला एकुलता एक पृथ्वीगोल आणि साहेबांसाठी खुर्ची तिकडे न्यायला सांगितली. शकू म्हणाली, "गुरुजी, काल पुनव, आज पाडवा. पानी भरतंय. बाराच्या पुढं फुल भरती."

मी म्हटले, "शकू, पेपरात छापले आहे."

"मंग पेपरवाल्याला न्या खडकावर."

मी तिला मागे उभे केले. मुलांनी सामान खडकावर ठेवले आणि आमी हितनंच बघतो म्हणून वाळूवर परतली. साहेबांना खडकावर खुर्चीत बसवून मी पाठ सुरू केला. मामा, चार वर्षांच्या नोकरीत एवढे एकाग्र विद्यार्थी मी पाहिले नव्हते. डोळे विस्फारलेले. मला भरून आले. पाणी आता कसे मागे मागे जात आहे हे मी रंगात येऊन सांगत असताना साहेब खुर्चीवर पाय वर घेत म्हणाले, "हे मागे जाते आहे का?" मी म्हटले, लाटांमुळे तसे वाटते, साहेब. पुस्तकात दिले आहे.

पुढच्या लाटेने फळा नेला.

वळून पाहतो तर वाळू आणि आमच्यामध्ये पाणीच पाणी. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी येसूबाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "आवो मास्तर, पोवाया येतं का?" मी नाही म्हणालो. "सायबाला?" साहेब खुर्चीवर उभे होते. त्यांनी धीरगंभीरपणे सांगितले की एकवीस वर्षांच्या सेवेत तसा प्रसंग आला नाही. शेवटी दादूने होडी घातली. साहेब नीट चढले. त्यांना चढताना आधार द्यायला गेलेला मी मात्र डोके खाली, पाय वर असा समुद्रात गेलो (कान). दादूने कॉलर धरून मला वर ओढले. पृथ्वीगोल तरंगत अरबी समुद्रात निघाला होता, तो शकूने उडी मारून आणला. आशिया खंड सुटून लोंबत होते.

मग वाळूवर बसलो. साहेबांची पँट बोंबलांच्या रांगेत बांबूवर वाळत होती, आणि साहेब दादूची चादर गुंडाळून बसले होते. आता मी मोकळा, हे ओळखले. साहेबांनी शकूला जवळ बोलावून विचारले, तुला भरती कशी कळली? ती म्हणाली, "तिथीची पाऊनपट करायची, सायेब. आष्टमी तं आठाची पाऊनपट सा. सा वाजता भरती." साहेबांनी विचारले, एकादशीला? अख्खा वर्ग ओरडला, "सवाआठ!" साहेब चादरीत ताठ झाले. त्यांनी पंधरा तिथ्या विचारल्या. एक चुकली नाही. जी चुकली वाटली, तिथे हिशेब साहेबांचा चुकला होता.

मी खरे ते सांगितले, मामा. म्हटले, साहेब, यातले मी काहीही शिकवलेले नाही. त्यावर त्यांनी शेरेबुकात लिहिले: 'विषयाची स्थानिक जीवनाशी उत्तम सांगड. प्रात्यक्षिक परिणामकारक. शिक्षक नम्र आहेत.' नोकरी कायम!

त्या दिवसापासून मला वर्गात तोंड वर करता येत नाही. तरी जिंतूरच्या शाळेत माझ्यासाठी जागा पाहावी. भूगोल नको. चित्रकला, कवायत, काहीही चालेल. फक्त समुद्र नसावा. मामींना नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला भिजलेला भाचा,
नागोराव

ता. क. (पत्र दोन दिवस टाकायचे राहिले.) जिंतूरच्या जागेविषयी तूर्त कोणाकडे बोलू नये. बोलला असाल तर माझा ताप मेंदूत गेला होता असे सांगावे. माझी सायकल मात्र रेल्वेने पालघर स्टेशनवर पाठवावी. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच.

आणखी ता. क. असे का, हे आपण विचाराल. दादू यंदा शकूला शाळेतून काढून तिचे लग्न उरकणार, असे कळले. काल मी त्यांच्या घरी जाऊन मुलींच्या शिक्षणावर तासभर बोललो. दादू जाळे विणतच राहिला. मी उठलो, तेवढ्यात येसूबाई चुलीपासून म्हणाली, "पोरीला काढली तं या मास्तरला भरती कोन सांगंल? होवदे तिला मॅट्रिक. तवर तरी ह्यो जगंल."