चादरीमागची बाई

प्रिय आई,

जी गोष्ट तू माझ्यासाठीच लपवलीस, ती मला कळली हे तुला सांगावं की नाही? चार दिवस डोकं खाजवतेय, उत्तर सापडत नाही. म्हणून आधी इकडची खबरबात. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा शोधत घर पालथं घालू नकोस.

वाचनालयातलं काम आता अंगवळणी पडलंय. दुपारी डबा खाताना मी संगणकावर फोटो बघत बसते. लग्नाबिग्नाचे नाहीत गं. काही फोटोग्राफर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जातात, खाणीत, बंदरावर, कारखान्यात, आणि कामात बुडालेल्या माणसांचे फोटो काढतात. फोटो म्हणजे नवे कपडे घालून ताठ उभं राहायचं, एवढंच आपल्या घरात ठाऊक. इथे कुणीच नटलेलं नसतं, तरी नजर हटत नाही. जगाला ही माणसं दिसली पाहिजेत, असं मी जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. सोबतचा लिपिक म्हणाला, “बाई, आधी भाजी संपवा, मग जग सुधारा.”

मागच्या आठवड्यात एका फोटोग्राफर बाईंनी काढलेला जुना फोटो पाहिला. दवाखान्याची लाँड्री, सगळीकडे वाफ, आणि ओली चादर समोर उंच धरून उभी असलेली एक बाई. चेहरा चादरीआड. दिसतात ती फक्त बोटं आणि भिजलेली पावलं. मी खाली मोठ्या तोऱ्यात लिहिलं, “चेहरा नाही, म्हणून ही बाई कुणीही असू शकते. हेच या फोटोचं मोठेपण.” कितीतरी लोकांना ते आवडलं. दिवसभर मी हवेत होते.

तीन दिवसांनी त्याच लाँड्रीचे बाकीचे फोटो उघडले. नवव्या फोटोत तुझी ती गल्लीभर ऐकू जाणारी मैत्रीण, भोंगा मावशी! तोंडभर हसणारी. आवाज ऐकू येत नव्हता एवढंच. मी हसले, आणि हसता हसता गार पडले. मावशी तर तुझ्याच खात्यात. परत पहिल्या फोटोवर गेले. चादरीचं टोक अंगठ्याखाली नव्हतं, मधल्या दोन बोटांच्या चिमटीत होतं. घरी तू धरतेस तसंच. आणि शेजारच्या बोटाला पट्टी.

आई, ते बोट दारात सापडलं म्हणाली होतीस ना? मी दहा वर्षांची होते. दार पुन्हा आपटू नये म्हणून कडीला फडकं बांधलं होतं मी. ते अजून तिथंच आहे. तू दर वेळी दिवाणखाना झाडताना ते नीट करायचीस. दवाखान्यात पंख्याखाली खुर्चीत बसून चादरींची नोंद ठेवते, असंही सांगायचीस. मला कधी फाटकाच्या आत येऊ दिलं नाहीस. शाळेच्या प्रत्येक कागदावर “आई दवाखान्यात नोकरीला” एवढंच लिहायला लावलंस.

मी त्या फोटोग्राफर बाईंना ईमेल करून विचारलं. तासाभरात उत्तर आलं. बोट इस्त्रीच्या रोलरमध्ये गेलं होतं आणि तू तिसऱ्या दिवशी कामावर हजर होतीस. तू त्यांना म्हणालीस, “काढा फोटो, पण तोंड नको. माझी पोरगी शिकतेय, तिला वर्गात कुणी बोलायला नको.” आता फोटोखाली नाव लावू का, असं त्यांनी मला विचारलं. मला वाटलं, लावा, ठळक अक्षरात लावा! बोटं टंकायला लागलीसुद्धा. मग ती चादर आठवली. ती तू स्वतः वर धरली होतीस.

एका गोष्टीची मात्र फार लाज वाटते. तुला कुणीच ओळखू नये म्हणून तू उभी होतीस, आणि मीसुद्धा ओळखलं नाही. वर कौतुक करून मोकळी झाले.

हे पत्र त्यासाठीच. सोबत तो फोटो छापून पाठवतेय. पाठची बाजू कोरी आहे. वाटलं तर नाव लिही, वाटलं तर ट्रंकेत टाक. मी त्या बाईंना कळवलं, नाव लावू नका, ते आईचं आहे. माझं ते शहाणपणाचं वाक्य पुसून टाकलं. आणि काल वाचनालयातल्या साहेबांकडून, नोकरीला लागताना भरलेला माझा अर्ज परत मागून घेतला, त्यातलं “दवाखान्यात नोकरीला” खोडलं, आणि तिथे लिहिलं: आई लाँड्रीत चादरी धुते, इस्त्री करते. खाली सही करून दिला.

तुझीच,
दाराला फडकं बांधणारी