शेवटच्या सोळा फिरक्या

३ नोव्हेंबर, सोमवार

संघप्रिया काल बेलापूरच्या त्या नव्या बॅले अकॅडमीत निवडीला गेली होती. मला न सांगता! छोट्यांची बॅच घेणारी अरुणा आज बोलता बोलता बोलून गेली — तिची भाचीही तिथे होती, तिनं हिला नंबर लावून बसलेलं पाहिलं. आणि शनिवारी मला काय सांगून गेली? "टीचर, रविवारी घरी काम आहे." काम! नऊ वर्षं शिकवतेय मी हिला. आली तेव्हा आठ वर्षांची होती, पायात शाळेचे मोजे.

४ नोव्हेंबर

आज क्लासला आली नाही. फोनही नाही. मी करणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून पत्ता नाही. डिसेंबरच्या कार्यक्रमातलं मोठ्यांचं व्हेरिएशन तिचं होतं — तीन मिनिटांचा एकटीचा नाच, पॉइंट शूज घालून. आज ते मैत्रीला देऊन टाकलं. मैत्री मधल्या बॅचची, पंजाच्या टोकावर उभी राहायला लागून जेमतेम तीन महिने झालेत. अरुणा म्हणाली की घाई होतेय, आठवडाभर थांबू या. कशाला थांबायचं? मी काय कुणाच्या दारात जाऊन बसू?

रागाच्या भरात केलं, कबूल. पण केलं ते केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

मैत्रीसाठी कापाकापी करत बसले. माझी पद्धत ठरलेली — संगीत एकच, पावलं बॅचप्रमाणे. शेवटी सोळा सलग फिरक्या आहेत, तिथे छोट्या नुसत्या टाचा उचलून गोल चालतात. मधल्या एक फिरकी, दोन पावलं, परत एक फिरकी. कुणाला काय कापून दिलंय ते पोरींना मी कधी सांगत नाही. यूट्यूबवर बघायलाही सक्त मनाई. आपल्याला सोपं दिलंय हे कळलं की पोर खट्टू होते, अंग चोरायला लागते. वीस वर्षं हा नियम पाळलाय. पालक कौतुक करतात त्याचं.

मैत्री दोनदा घोट्यावरून कलंडली. मी ओरडले. तिचा बिचारीचा काय दोष! पण तिच्या जागी सारखी दुसरीच दिसत होती. संघप्रियाला हात कसा ठेवायचा ते एकदाच सांगावं लागायचं. परीक्षा असो, ताप असो, साडेपाचला कोपरखैरण्याहून येऊन बारच्या दांड्यापाशी उभी. सोसायटीचा हा हॉल उघडायला मला उशीर व्हायचा, तिला कधी नाही.

इथे एक वाईट शब्द लिहिला होता. खोडला.

११ नोव्हेंबर

तिचा नंबर डिलीट केला. पाठ आहे, त्याचं काय करू!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

संघप्रियाची आई आली होती. मसाला मार्केटमध्ये मिरच्या निवडायला जाते, तिथून थेट. मी बस म्हटलं नाही. मनात साठलेलं सगळं ऐकवलं — दगा दिला पोरीनं, नऊ वर्षांची किंमत ठेवली नाही, वगैरे वगैरे. माझं संपल्यावर आईनं सांगितलं.

पोरगी निवड झाली की पेढे घेऊन आधी इथेच येणार होती. फॉर्मवर टीचर म्हणून माझंच नाव लिहिलं होतं. निवड झाली नाही. आपलं हेच व्हेरिएशन करून संपल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, शेवटच्या सलग फिरक्या कुठायत, हे तर मधल्या पोरींना देतात. ही म्हणाली की हे असंच आहे, माझ्या टीचरनी मला पूर्ण शिकवलंय. सगळ्यांसमोर वाद घातला! मग त्यांनी मोबाईल काढून त्यावर पूर्ण व्हेरिएशन दाखवलं.

"तुमी बघू नको म्हटलेलं, म्हनून तिनं कदी बघितलंच नव्हतं," आई म्हणाली. "दहा दिवस झाले, घराभाईर पडली नाय. तुमच्यासमोर कशी येऊ म्हनते."

मी म्हटलं, तिचा घोटा कच्चा होता, म्हणून मधल्यांचं दिलं. तोंडाला आलं ते बोलले. आईला पटलं. पाठवते म्हणाली, आणि जाताना चक्क हात जोडले मला.

घोटा कच्चा! तिच्यासारखा घोटा माझ्या क्लासमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही.

१५ नोव्हेंबर

आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "टीचर, शेवटच्या फिरक्या एकदा करून दाखवा. मी शिकते."

गुडघा दुखतोय म्हणाले. तिनं धावत जाऊन खुर्ची आणली.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही. त्या सोळा फिरक्या मला आयुष्यात कधी आल्याच नाहीत.